उजव्या सोंडेचं दार

या, बसा. चहा टाकलाय. आणि ते दार ओढू नका हो, राहू द्या तसंच! ओढलंत तर हातात येईल. ते दार नव्हेच मुळी. माळ्यावरची फळकुटं सुंभाने बांधून मी उभी केली आहेत, झालं.

खरं दार कुठे गेलं म्हणता? पुन्हा सांगायचं? अहो, अख्ख्या महाडात असा माणूस नसेल, ज्याने माझा चहा पिऊन मला हे विचारलं नाही. सांगून सांगून माझा जबडा दुखायला लागला, ऐकणारे मात्र ताजेतवाने! बरं, ऐका. मध्येच हसायचं असेल तर हसा, मला आता त्याचंही काही वाटत नाही.

मी इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, हे तुम्हाला माहीत आहेच. पाच-सहा वर्षांपूर्वी काही कामासाठी पोलादपूरला गेलो होतो. तिथे महाबळेश्वरचा घाट उतरून आलेली एक मोटार बंद पडलेली. ड्रायव्हर मोटारीखाली, एक म्हातारा पाद्री मोटारीत आणि सगळं पोलादपूर मोटारीभोवती. इंग्रजी बोलणारा तेवढा मीच सापडलो. पाद्रीबाबा कायमचा विलायतेला निघाला होता. मी चित्रकलेचा मास्तर म्हटल्यावर त्याने पेटीतून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, घ्या, तेवढंच माझं ओझं कमी होईल. त्याचं झालं हो कमी. माझं तिथून सुरू झालं.

पुस्तकात चित्रं होती, त्यांच्याकडच्या साधुसंतांची. चार-पाचशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिकडे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचे, शाई लावायचे, वर कागद ठेवून घासायचे. असे छाप जत्रेत विकायचे. गरीब माणसं ते नेऊन घराच्या दाराला चिकटवायची, म्हणजे रोगराई आत येत नाही.

आणि काय एकेका संताचे हाल! एकाला जाळीवर भाजतायत, एकाच्या अंगात बाणच बाण, एक बाई मोडकं चाक धरून उभी. चेहरे मात्र सगळ्यांचे सारखे. भाजणाऱ्याचाही आणि भाजला जाणाऱ्याचाही. दासगावची बोट चुकलेल्या उतारूसारखे, थकलेले. मला तर ती माणसं घरचीच वाटली.

त्यात एक चित्र होतं. धिप्पाड माणूस, हातात झाडाएवढी काठी, गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडतोय. खांद्यावर लहान मूल. पाद्रीबाबाने सांगितलं, ते मूल म्हणजे प्रत्यक्ष देव, नदीच्या मध्यावर त्याचं वजन वाढत जातं. सकाळी हे चित्र पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी तिकडे समजूत. सगळं छान होतं. पण ते मूल आशीर्वाद देत होतं, तो डाव्या हाताने!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्याच दिवशी पुस्तक वर्गात नेलं. "मुलांनो, हा कारागीर कुठे चुकला? फळीवर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं. कोरताना आरशातल्यासारखं कोरायचं असतं. एवढंही या कारागिराच्या डोक्यात आलं नाही, आणि त्याची चूक पाचशे वर्षं जगभर हिंडते आहे!" पोरं खो खो हसली. मीही हसलो. पोटभर हसलो. हे हसणं लक्षात ठेवा हं.

आमची सासुरवाडी तुडीलची, सावित्रीच्या काठावर. इंदू, म्हणजे आमची बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. दिवस आषाढाचे. तिला भेटायला म्हणून गेलो, तर सासऱ्यांनी घराला नवंकोरं फणसाचं दार बसवलेलं. पिवळंधमक! आप्पा दिवसातून कितीदा तरी ते उघडून बघायचे आणि लावून बघायचे. मुलगी सुखरूप आहे ना विचारलं, तर म्हणाले, "हाय की. दार बगितलंत का?"

मी त्यांना पुस्तक दाखवलं. नदीतला माणूस बघून आप्पा म्हणाले, "ह्यो तर वसुदेव! ह्याची टोपली कुठं हाय?"

"आप्पा, हा त्यांच्याकडचा संत आहे."

"आसंल. पन पोर घेऊन पान्यातून चाललाय म्हंजे वसुदेवच. मास्तर, आमच्या दारावर गनपती नाय बगा. दार कसं बोडकं दिसतं. तुमी असंच छापून द्या की एक."

झालं! माझ्या अंगात तो पाचशे वर्षांपूर्वीचा कारागीर संचारला. महाडला आलो. इंदूच्या रुखवतातला शिवणीच्या लाकडाचा पाट होता, चांगला गुळगुळीत. ती घरात नव्हती, म्हणून तो मला गवसला. त्यावर गणपती काढला. रोजचा, साधा, डाव्या सोंडेचा. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात कोरकाम. बोटं सोलून निघाली, मान आखडली. काजळी आणि जवसाचं तेल घोटून शाई केली, कागद ठेवला, पितळी वाटीच्या बुडाने घासला आणि अलगद उचलला.

काय रेघ उतरली होती! काय ते डोळे! काय ते सुपासारखे कान! मी रेघेची जाडी बघितली, काळेपणा बघितला, लांबून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. चित्रात अक्षर एकही नव्हतं. असतं तर ते तरी मला ओरडून सांगतं. पण नव्हतं. मी आपला हौसेने छापतच सुटलो.

गठ्ठा घेऊन तुडीलला गेलो. अख्ख्या वाडीला घरटी एक गणपती वाटला. वाडीतली माणसं शहाणी. म्हणाली, चतुर्थीला चांगल्या दिवशी लावू, आणि पेटीत ठेवून दिला. आप्पांच्या दाराला मात्र मी स्वतः चिकटवला. साधासुधा नाही! मोरचूद घालून शिजवलेली खळ लावली, म्हणजे कसर लागणार नाही. वरून वॉर्निशचे हात दिले, म्हणजे पाऊस लागणार नाही. आणि छाती काढून म्हणालो, "आप्पा, जन्मात निघायचा नाही!"

माझं आयुष्यातलं हे एकच भाकीत खरं ठरलं.

पुढच्या खेपेला मी तुडीलला गेलो तेव्हा चुलीवर बोंबील भाजत होते. सासूबाई पदर सावरून आत. त्या माझ्याशी कधी थेट बोलायच्या नाहीत. भिंतीला सांगायच्या, भिंतीने मला सांगायचं. इंदू उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली. इतक्यात गावचे भटजी पंचांग सांगायला आले. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत, आणि तसेच थांबले. नजर दारावर.

"हे कोणी आणलं?"

"जावयांनी काडलाय. मास्तर हायत!" आप्पांचा ऊर भरून आला.

"मास्तर, सोंड कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या," मी न बघताच म्हटलं. माझा गणपती आणि मलाच विचारता?

"जरा बघा की."

बघितलं. सोंड उजवीकडे! फळीवर मी डावीकडेच कोरली होती हो, म्हणून तर कागदावर उजवीकडे वळली होती. जे वर्गातल्या पोरांना मी हसत हसत शिकवलं, तेच मला कोरताना आठवलं नव्हतं.

"आणि आशीर्वाद डाव्या हाताने देतोय," भटजी शांतपणे म्हणाले.

आता उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे किती कडक, हे तुम्हाला मी काय सांगायचं? त्याचं सोवळं सांभाळता सांभाळता भल्याभल्यांची दमछाक होते. भटजींनी नाकाला उपरणं लावलं. "आधी ते चुलीवरचं उतरवा. या दारातून मासळी आत यायची नाही. ओलेत्याने रोज पूजा हवी." मग त्यांची नजर इंदूकडे गेली आणि आवाज खाली आला. "घरात बाळंतपण आहे का?"

"हाय," आप्पा म्हणाले. "भादव्यात."

"मग कठीण आहे. बाळंतपणाचं सुवेर याच्या समोर चालायचं नाही. मी आपलं सांगायचं काम केलं." आणि भटजी पंचांग न उघडताच गेले.

सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "गो बाय माझे! आता माझ्या लेकीनं कुठं जायाचं?"

मी म्हटलं, त्यात काय, खरवडून काढतो! आणि विळा उचलला. सासूबाईंनी धावत येऊन विळा हिसकावला. "देवाच्या तोंडावर इळा? लेक पोटुशी हाय माझी!" हेही भिंतीलाच. वर पडदा सोडावा म्हटलं, तर आप्पा म्हणाले, देवाचे डोळे बांधायचे? गोठ्यात सोय करू म्हटलं, तर इंदू उठून उभी राहिली.

"मी गोठ्यात नाय जाणार. आणि या पावसात होडीत बसून महाडला पण नाय येणार. वाटेतच काय झालं तर? तुम्ही काढलाय ना, तुम्हीच निस्तरा."

बोलता बोलता तिचे डोळे भरले. पहिलं बाळंतपण, आईच्या घरात, आईच्या हाताखाली, एवढंच तिला हवं होतं. आणि तेवढ्यावरच मी गणपती चिकटवून ठेवला होता. मला फार वाईट वाटलं. विळा घेऊन स्वतःलाच खरवडावं असं वाटलं.

बातमी वाडीत पोचायला कितीसा वेळ? लोक एकेक गणपती फडक्यात गुंडाळून परत आणायला लागले. वर नारळ. "तुमचा लई कडक हाय म्हनं मास्तर. आमाला साधाच बरा." गठ्ठाच्या गठ्ठा पुन्हा माझ्याकडे! देव रद्दीत घालता येतात का? महाडला घरी आणले, पाटावर मांडले. आणि त्या दिवसापासून मी ओलेत्याने विहिरीवर, ओलेत्याने पूजेला, ओलेत्याने चुलीशी. नुसता वरणभात. शाळेत शिंका. पोरं फळ्यावर माझं चित्र काढायची, ओलं धोतर आणि उजवीकडे वळलेलं नाक.

तिकडे आप्पा तुडीलात शेजाऱ्याच्या पडवीत चोरून सुकट खायचे आणि तोंड धुऊन मागच्या दाराने घरात शिरायचे. नव्या दाराला हात लावायची सोय उरली नव्हती. घराचा मालक स्वतःच्या घरात चोरासारखा, आणि आतून सासूबाईंचं पालुपद, "गौरी-गनपती जाईस्तोवर कळ काड रे बाबा." हे पोटातल्या बाळाला.

नारळी पौर्णिमेनंतर बोट सुरू झाली आणि मुंबईहून मेहुणा आला. गंगाराम, गोदीत काम करतो. त्याने दार बघितलं, विडी पेटवली, मागे-पुढे फिरला आणि म्हणाला, "फिकर कशाला करताय? देव दारावरनं निघत नाय, तर दारच काडा! गौरीबरोबर न्या नदीवर. दार बुडवा, खळ भिजल, देव जाईल पान्यात, दार घेऊन घरी या. फष्टक्लास!"

आप्पांनी दाराकडे बघितलं, मग इंदूकडे बघितलं. इंदू भिंत धरून उभी होती. म्हणाले, "काडा."

गौरी-गणपतींना निरोप द्यायचा दिवस आला. बाळ अजून आत होतं, देवाची कृपा. घरातला मातीचा साधा गणपती गंगारामच्या डोक्यावर, गौर सासूबाईंच्या हातात, वाडीचे परत आलेले गणपती माझ्या काखेत. आणि मागे चार जणांच्या खांद्यावर दार! झांजा, ढोलकी, "मोरया"चा गजर. समोरून येणारी एक म्हातारी ते बघून गडबडीने वाटेतून बाजूला झाली आणि हात जोडून विचारती झाली, "कोन गेलं गो?"

सावित्री भरून चालली होती. मातीचा गणपती विरघळला. कागदी गणपती एका बुडीत लगदा होऊन गेले. मग मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि दार बुडवलं. वर काढलं. गणपती होता तसाच! उलट धुऊन निघाल्यामुळे जास्तच टवटवीत. परत बुडवलं. तोच. वॉर्निशचे हात मीच दिले होते ना! काठावरून आप्पा ओरडले, "दार सांबाळा! फनसाचं हाय!"

सांभाळतोय कसला? ओहोटीची ओढ लागली आणि दार सुटलं. म्हणजे मी धरलेलंच होतं, पण जमीन सुटली. मी दारावर पालथा. दार निघालं बाणकोटच्या खाडीकडे. गणपतीचं तोंड आणि माझं तोंड समोरासमोर. तो डाव्या हाताने आशीर्वाद देतोय, आणि मी दोन्ही हातांनी दाराच्या कडा धरलेल्या. काठावरच्या लोकांना वाटलं, मास्तरांची भक्तीच मोठी. ते म्हणाले, "मोरया!"

"मास्तर, दार सोडू नका!" हा गंगाराम.

"सोडा हो ते दार! माझ्या लेकीचा इचार करा!" हे कोण? सासूबाई! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या थेट माझ्याशी बोलल्या.

वळणावर पायाला चिखल लागला आणि मी दार सोडलं. ते डोलत डोलत निघून गेलं. पुढच्या वर्षी लवकर या म्हणायची रीत असते. माझ्या तोंडून काही ते निघेना.

नखशिखान्त चिखलात माखून घरी पोचतो, तर इंदूला कळा सुरू झालेल्या! पाऊस आडवा. घराला दार नाही. सुईण आतून ओरडली, "वारा येतोय! दार लावा गो कुनीतरी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पांनी फक्त खुंटीवरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली.

मी उंबऱ्यावर बसलो. बाहेर तोंड, आत पाठ. दोन्ही हात पसरून घोंगडी धरली. तोंडावर पाऊस, पाठीमागे इंदूचं कण्हणं. हात भरून आले, मग दुखले, मग दुखायचेही थांबले. एवढा थकलो होतो की रडूसुद्धा येईना. फक्त एकच घोकत होतो, देवा, माझ्या चुकीचं तिच्यावर काढू नकोस. माझ्यावर काढ. मी इथे दारातच बसलोय.

संध्याकाळ व्हायच्या आत पोराचं रडणं ऐकू आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुलगा झाला. दोगं बी बरी हायत. आता हात खाली करा." हात खाली होईनात. गंगारामने येऊन केले.

आप्पा माझ्या शेजारी उकिडवे बसले. डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "लई चांगलं झालं जावयबापू. देव पावला. आता दार कवा देताय?"

घरात बाळंतीण, वर पाऊस. फणसाचं दार काय एका दिवसात होतं? या घराचं दार काढलं आणि होडीत घालून तुडीलला पोचतं केलं. आप्पांना ते एवढं घट्ट बसलं की परत मागायचा धीर मला आजवर झालेला नाही.

संपलं म्हणता? थांबा की, चहा निवतोय तोवर एवढं ऐका.

परवा गणपतीला तुडीलला निघालो. गावाआधी तो पऱ्या लागतो ना, त्याला गुडघाभर पाणी. चिरंजीवांना खांद्यावर घेतलं, हातात बांबू घेतला आणि उतरलो. इंदू लुगडं सावरत मागून. मध्यावर गेलो आणि पोर जड व्हायला लागलं हो! खोटं नाही सांगत. माझं वय म्हणा, दुसरं काही म्हणा. समोरच्या काठावर आजा-आजी वाट बघत उभे. त्यांना बघून चिरंजीवांनी वरून हात उंचावला.

डावा.

पोर डावखुरं आहे आमचं. जेवतं डाव्याने, लिहितं डाव्याने, मला मारतंही डाव्यानेच. सगळे उपाय करून हात टेकले. मी तिथेच पाण्यात थबकलो. त्या पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला मी भर वर्गात हसलो होतो. कोण जाणे, त्याचं चुकलंच नसेल. त्याच्याही घरात असंच एखादं डावखुरं पोर असेल आणि त्याने जे रोज बघितलं तेच कोरलं असेल. मला अगदी भरून आलं. मागे वळून मी इंदूला हे सगळं सांगितलं.

इंदूने पोराच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याचं मला काय माहीत नाय," ती म्हणाली. "पण तुमच्या हातून आजवर एक तरी वस्तू सुलटी छापून निघाली हाय का?"